जुना जपानी ॲम्प घ्यायचाय? आधी दशक ठरवा

जुन्या जपानी ॲम्पचा (स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर) विषय निघाला की चर्चा आवाजावर जाते: सत्तरच्या दशकातला ऊबदार, ऐंशीतला कोरडा. मला हे फारसं पटत नाही. इतक्या वर्षांत कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे पार्ट) वाळलेले असतात, त्यामुळे सर्व्हिसिंगशिवाय मूळ आवाज कळतच नाही. मी आधी एवढंच बघतो, की उद्या बिघडला तर पार्ट मिळेल का?

या कसोटीवर सगळ्यात जुने व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) ॲम्प मागे पडतात. सोनीने १९६५ मध्येच सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा टीए-११२० आणला होता, तरी लक्समनने १९७० मध्ये एसक्यू-३८एफडी व्हॉल्व्हवरच काढला. दिसायला देखणा, ताकद ३० वॅट. पण त्यातले ५०सीए१० व्हॉल्व्ह एनईसी या जपानी कंपनीचे. जुन्या साठ्यातले शोधायचे आणि मागतील ती किंमत मोजायची. हौस आणि पैसा दोन्ही असेल तरच या वाटेला जा.

माझा कौल १९७३ ते १९७८ च्या ॲम्पना. यामाहाच्या सीए-१००० वर (१९७३) क्लास ए चं (ट्रान्झिस्टर सतत पूर्ण चालू ठेवायची पद्धत) बटण आहे. एरवी ७० वॅट, ते दाबलं की १५, आणि मग ॲम्प चांगलाच तापतो. सान्सुईचा एयू-७१७ (१९७७) ८५ वॅटचा. आत बहुतेक सगळे सुटे ट्रान्झिस्टर, त्यामुळे एखादा गेला तरी पर्यायी नंबर सापडतो आणि जाणकार मेकॅनिक दुरुस्त करू शकतो. एक बघा: तेव्हा कपॅसिटर चिकटवायला वापरलेला गोंद अनेक ॲम्पमध्ये तपकिरी होऊन आसपासच्या तारा खातो. तो खरवडून काढावाच लागतो.

याच काळात वॅटची शर्यतही लागली. सलग किती ताकद मिळते ते जाहिरातीत सांगण्याचा नियम अमेरिकेत १९७४ मध्ये आला आणि कंपन्यांना आकड्यांची चढाओढ करायला मैदानच मिळालं. पायोनियरचा एसएक्स-१२५० (१९७६) १६० वॅटचा, तर एसएक्स-१९८० (१९७८) २७० वॅटचा आणि वजनाला सुमारे ३५ किलो. फ्लॅटच्या हॉलमध्ये याचं करायचं काय, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. या काळातला एक प्रकार मात्र टाळा: सोनी टीए-५६५० सारखे व्ही-फेट या खास जातीच्या ट्रान्झिस्टरवाले. आवाज सुंदर, पण तो ट्रान्झिस्टर उडाला की बदली मिळणं जवळपास अशक्य.

ऐंशीच्या दशकात दोन टोकं आहेत. स्वस्त ॲम्पमध्ये सगळं काम एका एसटीके आयसीवर (ॲम्पचं काम करणारी एकच चिप), आणि बाजारात त्या आयसीचा नकली माल भरपूर. उलट ७९,८०० येनच्या गटात जपानी कंपन्या एकमेकींवर मात करायला ट्रान्सफॉर्मर जड करत गेल्या. सान्सुईचा एयू-अल्फा६०७ त्यातलाच. पैशाच्या मानाने हा माल उत्तम, पण जपानी बाजारासाठीचा ॲम्प १०० व्होल्टवर चालतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावलात तर संपलाच. चांगला स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर हवा, त्याचा खर्च धरूनच भाव ठरवा. निर्यातीच्या ॲम्पवर बऱ्याचदा मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो.

पहिलाच ॲम्प असेल तर ७१७ चा धाकटा भाऊ एयू-५१७ (६५ वॅट) बघा. घेताना स्पीकर जोडून चालू करा. काही सेकंदांत रिलेचा (स्पीकर जोडणारा आतला आपोआप चालणारा स्विच) 'टक्' आवाज आला नाही, तर दुरुस्तीचा खर्च किंमतीतून वजा करून मागा, नाहीतर सोडून द्या.