मूळ क्रियापदावरून की 'मी'च्या रूपावरून?

स्पॅनिश शिकणारी भाची अडली होती: "मावशी, विध्यर्थाची वर्तमान रूपं कुठल्या रीतीने करू?"

रीती दोन. पहिली, 'आब्लार' (बोलणे) मधला 'आर' काढून 'ए'ची रूपं जोडायची: आब्ले, आब्लेस, आब्लेमोस, आब्लेन. 'कोमेर' (खाणे), 'बिबीर' (राहणे) यांना उलट 'आ': कोमा, बिबा. दुसरी, 'मी बोलतो' म्हणजे 'आब्लो'. त्यातला 'ओ' काढून तेच प्रत्यय लावायचे.

मेहनत पहिलीत कमी, आणि नियमित क्रियापदांत ती चुकत नाही. पण 'तेनेर' (जवळ असणे) आलं की फसते. 'तेना' नव्हे, 'तेंगा'! दुसरीत 'तेंगो'वरून ते आपसूक मिळतं. 'सेर' (असणे) आणि 'इर' (जाणे) यांची रूपं मात्र दोन्हींत बसत नाहीत, ती पाठच करायची.

रूप कधी वापरायचं, हे मराठी माणसाला तसं सोपं जातं. 'किएरो के आब्लेस' म्हणजे 'तू बोलावंस अशी माझी इच्छा आहे'. हे 'आवं' आपल्या कानात आधीच आहे.

पुढच्या आठवड्यात नियमित क्रियापदांचीच चाचणी असेल तर पहिली रीत पुरे. भाषा खरोखर बोलायची असेल तर पहिल्या दिवसापासून दुसरीच धर.