जर्मन की जपानी : एका बडोदेकराचा अनुभव

घरात मराठी आणि दारात गुजराती बोलणाऱ्या आम्हा बडोदेकरांना जर्मनमधील तीन लिंगे परकी वाटत नाहीत, कारण या दोन्ही भाषांतही ती आहेतच. मात्र आपला सूर्य तिथे स्त्रीलिंगी होतो आणि ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, चक्क नपुंसकलिंगी ठरते, त्यामुळे प्रत्येक नाम ‘डेअर, डी, डास’ या लिंग दाखवणाऱ्या उपपदांसह पाठ करावे लागते. जपानीत ही अडचण नाही. क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते, म्हणूनच ‘मिझु ओ नोमिमास’, अर्थात ‘पाणी पितो’, हे माझे पहिले वाक्य शब्दांची जागा न बदलता तोंडातून निघाले. बोलण्याची घाई असणाऱ्याला मी जपानीच सुचवीन. वाचनासाठी मात्र जर्मन कितीतरी सोपी, कारण जपानीत हिरागाना-काताकाना या दोन उच्चारलिप्या आल्यावरही नित्य वापराच्या २१३६ कांजी, म्हणजे चिनीतून आलेली शब्दचिन्हे, उरतात. ‘पाणी’ची चार रेघांची कांजी मी अजूनही चौकटीच्या वहीत गिरवतो.