यूर-लेक्स: युरोपच्या कायद्यांचं फुकट कपाट, कोकणातून उघडून पाहिलेलं

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूसला दार बंद केलं, हे रत्नागिरी-देवगडातला कुठलाही बागायतदार सांगेल. ज्या कागदाने ते बंद झालं तो मात्र फार थोड्यांनी वाचला असेल. यूर-लेक्स या संकेतस्थळावर तो दोन मिनिटांत सापडतो, तोही फुकट आणि खातं न उघडता. संघाचे करार, कायदे आणि न्यायालयाचे निकाल २४ भाषांत ठेवणारी ही सरकारी सेवा आहे. एखादा देश संघात शिरला की त्याच्या पर्यावरण कायद्याचं काय होतं, हे पाहायला आम्हाला तरी याहून चांगली जागा माहीत नाही. पण कपाटाला खण फार, आणि एक खण चक्क फसवतो.

आधी आंबाच घ्या. शोधाच्या चौकटीत ३२०१४डी०२३७ टाका. आकडे इंग्रजी आणि मधलं डी रोमन हवं, देवनागरीत टाकलंत तर काही मिळणार नाही. पहिला ३ म्हणजे कायदा, मग वर्ष, मग अक्षर, शेवटी क्रमांक. सगळी गोम त्या अक्षरात आहे. आर असेल तर ती नियमावली, सगळ्या सदस्य देशांना जशीच्या तशी लागू. एल म्हणजे निर्देश: ध्येय आणि मुदत संघाची, पण कायदा प्रत्येक देशाने आपल्या घरी करायचा. डी म्हणजे निर्णय, ज्याच्या नावे काढला त्याला बंधनकारक. आंब्याचा कागद सदस्य देशांच्या नावे आहे आणि यादीत अळू, आंबा, कारलं, वांगं, पडवळ आहे. म्हणजे आपली अर्धी परसबागच. आंब्याचं दुखणं फळमाशीचं होतं. ब्रिटनमध्ये या बंदीवर बरीच ओरड झाली, पण सदस्य असताना त्याला एकट्याला दार उघडं ठेवण्याची सोय नव्हती. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, भाज्यांना आणखी थांबावं लागलं.

आता ज्या खणासाठी हे संकेतस्थळ उघडावं तो: प्रवेश करार. संघात येणाऱ्या देशाला पर्यावरणाचे सगळे कायदे उचलावेच लागतात. वाटाघाटीत त्याचं प्रकरण २७ वं. घासाघीस होते ती फक्त मुदतीवर, आणि ती मुदत करारातच छापली जाते. २००३ च्या करारात प्रत्येक देशाचं वेगळं परिशिष्ट आहे, पोलंडचं बारावं. त्यात सांडपाण्याची नोंद वाचा. ३१ डिसेंबर २००५ पर्यंत ६७४ वस्त्यांत नियम पाळला जायला हवा, म्हणजे सांडपाण्यातल्या एकूण सेंद्रिय भाराच्या (कुजणाऱ्या घाणीच्या) ६९ टक्के. २०१० अखेर १,०६९ वस्त्या, ८६ टक्के. २०१३ अखेर १,१६५ वस्त्या, ९१ टक्के. बाकीचं सगळं ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत. क्रोएशिया २०१३ मध्ये आला तेव्हा त्यालाही सांडपाण्यासाठी २०१८, २०२० आणि २०२३ असे तीन टप्पे मिळाले. 'लवकरच करू' हा शब्द कुठेही नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना २०१४ पासून मसुद्यावर मसुदा अशी चालली आहे, जुलै २०२४ चा सहावा. ते डोक्यात ठेवून हे परिशिष्ट वाचलं की जरा झोंबतं.

ज्या निर्देशाची ही मुदत, तोही उघडा: ३१९९१एल०२७१, शहरी सांडपाणी. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, हर्णै या भागात लॉज किंवा होमस्टे चालवणाऱ्यांनी त्यातली दोन कलमं जरूर पाहावीत. पहिलं, भार मोजण्याचं एकक. माणसं मोजत नाहीत. दिवसाला ६० ग्रॅम प्राणवायू खाणारा, म्हणजे पाच दिवसांच्या बीओडीने (घाण कुजताना जंतू किती प्राणवायू वापरतात त्या मापाने) मोजलेला सेंद्रिय भार, म्हणजे 'एक माणूस'. दुसरं, तो भार कधीचा धरायचा ते. शुद्धीकरण केंद्रात वर्षभरात ज्या आठवड्यात सरासरी सर्वांत जास्त येईल, त्या आठवड्याचा. मुसळधार पावसासारखे अपवाद तेवढे सोडून. आपल्याकडे लावायचं झालं तर नाताळ ते एकतीस डिसेंबरचा आठवडा धरावा लागेल, जनगणनेतली लोकसंख्या नव्हे. किनाऱ्यावरच्या गावांच्या सांडपाण्याचे आराखडे का तोकडे पडतात याचं उत्तर या एका कलमात आहे. हा निर्देश आता २०२४/३०१९ ने बदलला आहे. वस्तीला निर्देश लागू होण्याचा जुना उंबरठा अशा २,००० एककांचा होता, नवा १,००० चा. देशांनी नवा निर्देश आपल्या कायद्यात ३१ जुलै २०२७ पर्यंत आणायचा आहे.

इथेच पहिली चूक होते. गुगलवरून आलात तर बहुतेक वेळा मूळ, जुना मजकूर उघडतो. पान उघडल्याबरोबर शीर्षकाजवळचा ठिपका बघा: हिरवा म्हणजे लागू, लाल म्हणजे संपलेला. नंतर दुरुस्त्या झाल्या असतील तर तिथेच एकत्रित आवृत्तीचा दुवा असतो. वाचायला तीच घ्या. मात्र एकत्रित आवृत्तीला कायदेशीर वजन नाही, ती सोयीसाठी. हरकत अर्जात किंवा लेखात उल्लेख करायचा तर राजपत्रातलाच मजकूर द्या.

फसवणारा खण म्हणजे डाव्या बाजूचा 'नॅशनल ट्रान्सपोझिशन'. निर्देश कोणत्या देशाने कोणत्या कायद्याने घरी आणला, याची देशवार यादी. कल्पना उत्तम, आपल्याकडे केंद्राच्या अधिसूचनेखाली राज्यांची अशी यादी एका जागी मिळाली तर किती बरं होईल. पण ती देशांनीच कळवलेली असते. एखाद्या देशाखाली लांबच लांब यादी दिसली म्हणून पाणी स्वच्छ झालं असं होत नाही, आणि कायदा नीट उतरवला आहे याचीही ती ग्वाही नव्हे. शिवाय बऱ्याच ठिकाणी नुसतं शीर्षक मिळतं, तेही त्या देशाच्या भाषेत.

म्हणून यादीनंतर निकाल बघा. ग्रीस १९८१ मध्ये संघात आला. क्रीट बेटावर हानियाजवळ कुरुपितोस नावाच्या घळीत कचरा ओतला जात होता. १९९२ मध्ये निकाल विरोधात गेला, तरी उकिरडा तिथेच. मग ४ जुलै २००० रोजी न्यायालयाने दिवसाला २०,००० युरो दंड लावला, संघाच्या इतिहासातला असा पहिला. खटला सी-३८७/९७. स्पेनचा सी-२७८/०१ त्याहून मजेशीर: नदी-तळ्यांवरच्या स्नानाच्या जागांपैकी जितके टक्के मापात बसत नाहीत, त्या प्रत्येक टक्क्यामागे वर्षाला ६,२४,१५० युरो. निकाल लांब असतात. घाई असेल तर शेवटचे परिच्छेद आणि आदेश वाचा, पण दंड कसा मोजला ते मधल्या भागात असतं.

प्रत्यक्ष पाण्याचे आकडे इथे नाहीत, त्यासाठी युरोपीय पर्यावरण संस्थेचा स्नानजलाचा नकाशा उघडावा लागतो. निर्देश २००६/७ प्रमाणे समुद्राचं पाणी 'उत्कृष्ट' ठरायला १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय २५० आणि एन्टेरोकोकाय १०० (दोन्ही विष्ठेतून येणारे जंतू) च्या आत हवेत, तेही एका नमुन्यात नव्हे तर चार हंगामांच्या आकड्यांवरून. सलग पाच वर्षं 'खराब' आलं तर पोहायला कायमची मनाई किंवा कायमचा इशारा. आपल्या एसडब्ल्यू-२ वर्गाचं, म्हणजे स्नानाच्या समुद्रपाण्याचं, माप विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० चं आहे. मोजायचे जंतूच वेगळे, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

मोबाइलवर तक्ते कापले जातात, परिशिष्टं तर वाचवत नाहीत. पीडीएफ उतरवून घ्या किंवा संगणकावर बसा. मराठी अर्थातच नाही. कायद्याचा विद्यार्थी, किनाऱ्यावर काम करणारी संस्था, निर्यातदार सोसायटी यांना ही सेवा पैसे देऊनही परवडली असती. नुसतं कुतूहल असेल तर प्रत्येक निर्देशाखालचा सोप्या भाषेतला सारांश पुरे. ब्रिटनचा आजचा कायदा मात्र इथे शोधू नका. २०२० अखेरपासून त्याचे कायदे त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, आणि पर्यावरणाच्या बाबतीत तिथल्या सरकारचे कान धरायला २०२१ च्या पर्यावरण कायद्याने नेमलेलं वेगळं कार्यालय आहे.