विग सरळ करायला दिला आणि मागचे केस बदलून आले

मानवी केसांचा विग ‘कायमचा सरळ’ करून देतो असं कुणी सांगत असेल, आणि त्यासाठी विग काही दिवस आमच्याकडे ठेवून जा म्हणत असेल, तर आधी हे वाचा. माझ्या विगच्या मागच्या पट्ट्या काढून घेतल्या गेल्या आणि त्यांच्या जागी कृत्रिम केस शिवून दिले गेले. पहिल्यांदा धुवेपर्यंत मला याचा पत्ताही लागला नाही.

मला चाई आहे. सुरुवातीला नाण्याएवढे गोल चट्टे दिसायचे, पुढे जवळजवळ सगळंच डोकं मोकळं झालं, तेव्हा विग घेतला. घेताना हात आखडला नव्हता. पुढच्या बाजूला लेस, तिच्या जाळीत एकेक केस हाताने गाठ मारून बसवलेला. मागे केसांच्या पट्ट्या, मशीनने शिवलेल्या. केस रेमी, म्हणजे सगळ्यांची मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला राखलेली. केसाच्या अंगावर बारीक खवले असतात. ते सगळे एकाच दिशेला राहिले की केस एकमेकांत सहसा अडकत नाहीत, विग जास्त टिकतो. असे लांब केस विकत घ्यायला गेलात की कळतं, ते सहजासहजी मिळत नाहीत. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथेच आहे.

केसांना मूळची हलकी लाट होती. माझे स्वतःचे केस सरळ होते, म्हणून मला विगही सरळ हवा होता. एवढंच कारण.

विग आणि हेअरपीसचीच कामं करणारं एक दुकान मिळालं. नाव देत नाही. वागणं अतिशय गोड. आत वेगळी खोली, दाराला पडदा. “ताई, निवांत बसा, इथे कुणी येत नाही,” असं मालक म्हणाला. डोक्यावरचा विग चारचौघांत काढावा लागण्याची भीती ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल, या एका वाक्याने माणूस किती सैल पडतो. तो विग हातात घेऊन त्याने मागच्या पट्ट्या बोटांनी उलगडून पाहिल्या, खालपासून वरपर्यंत, वरून खालपर्यंत. म्हणाला, “माल उत्तम आहे ताई. केराटिन करून देतो. मग इस्त्रीची कटकटच नाही, धुतलात तरी सरळच राहणार. फक्त काही दिवस ठेवून जा, केमिकल मुरायला वेळ लागतो.”

आता हे बोलणं कुठे कुठे पोकळ होतं ते सांगते. केस सरळ करण्याच्या ढोबळमानाने दोन तऱ्हा. पहिली उष्णतेची. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हे बंध दुबळे असतात, पाण्याने सुटतात, उष्णतेनेही सुटतात, आणि केस कोरडा किंवा थंड होताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. स्ट्रेटनर फिरवला की केस सरळ, पाणी लागलं की परत लाट. सुती कपड्याच्या इस्त्रीचं जसं असतं तसंच. दुसरी तऱ्हा रसायनांची. केसाचा खरा आकार गंधकाच्या बंधांनी ठरतो. ते अमोनियम थायोग्लायकोलेटसारख्या रसायनाने तोडायचे, केस सरळ धरायचा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने ते पुन्हा जोडायचे. हे काम टिकतं. पण डोक्यावरच्या केसाला निदान खालून नवा केस येत असतो. विगच्या केसाला काहीच येत नाही, टाळूचं तेलही त्याला मिळत नाही. शिवाय विगमधले बहुतेक केस आधीच कधीतरी रंगवलेले किंवा ब्लीच केलेले असतात. जाणता कारागीर अशा केसावर थेट रसायन घालत नाही. एखादी बट आधी करून बघतो, नाहीतर सरळ नाही म्हणतो.

राहिलं ते दुकानातलं ‘केराटिन’, म्हणजे केसांना लेप लावून तो गरम इस्त्रीने बसवायचा उपचार. तेही कायमचं नसतं, धुण्यागणिक उतरत जातं. आणि त्यासाठी विग कित्येक दिवस मुरवत ठेवायचं काही कारण नाही. त्यातल्या बऱ्याच उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा गरम केल्यावर ते सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असं लेबल असलेल्या मालातही ते सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या ओशा या सरकारी यंत्रणेने २०११ मध्ये दिला होता. माझ्या विगला केराटिन केलंच नव्हतं हे आता मला कळलं आहे, आणि या सगळ्या प्रकरणात त्यांच्या अप्रामाणिकपणाचा माझ्या तब्येतीला झालेला फायदा म्हणाल तर एवढाच.

विग परत मिळाला तेव्हा देखणा दिसत होता. आरशासमोर दोन्ही बाजूंनी हात फिरवला, केस बोटांतून निसटत होते. ती चमक सिलिकॉनच्या सिरमची होती. सिलिकॉन पाण्यात विरघळत नाही, केसावर पातळ थर धरून बसतं आणि त्या थराखाली काय आहे ते हाताला कळू देत नाही. हीच युक्ती विगच्या धंद्यात फार जुनी आहे. जमिनीवरून आणि कंगव्यातून गोळा केलेले, मुळं-टोकं उलटसुलट झालेले केस आम्लात बुडवून त्यांचे खवले काढून टाकतात, वर सिलिकॉन चढवतात आणि ‘शंभर टक्के मानवी केस’ म्हणून विकतात. म्हणायला खोटं नाही. काही धुण्यांनंतर थर जातो आणि विगचा गुंता होतो. ‘ब्राझिलियन’, ‘पेरूव्हियन’ ही नावंही बहुतेक वेळा केसाचा पोत सांगण्यासाठी लावलेली असतात. केस तिकडचे असतीलच असं नाही.

मी नेहमीसारखा विग कोमट पाण्यात शाम्पू घालून धुतला, कंडिशनर लावताना लेसच्या गाठी वगळल्या, टॉवेलने टिपून स्टँडवर वाळत ठेवला. वाळल्यावर पाहिलं तर वरच्या केसांना आणि दोन्ही बाजूंना लाट परत आलेली. इथपर्यंत मी म्हटलं असतं, चला, केराटिन म्हणून नुसती इस्त्री मारली, पैसे घेतले, साधी लबाडी. पण मानेजवळच्या पट्ट्या तशाच सरळ. ओल्या असतानाही सरळ, वाळल्यावरही सरळ. एक केस इकडचा तिकडे नाही. आणि टोकांशी त्यांचा आपापसात गुंता व्हायला लागलेला, जिथे कॉलर घासते नेमकं तिथे.

फोन केला. मालकाचं उत्तर तयार होतं: “ताई, खाली केराटिन छान बसलंय, वरती थोडं कमी पडलं. विग घेऊन या, वरचं फुकट करून देतो.” ऐकायला किती रास्त वाटतं बघा. विग दुसऱ्यांदा त्याच्या हातात गेला असता तर वरच्या पट्ट्यांचं काय झालं असतं, हा विचार आजही सुखाचा नाही.

मी गेले ती हाताने विग बांधणाऱ्या एका काकूंकडे. त्यांनी चष्मा लावून विग उलटा केला, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “अगं, हा दुरुस्त कुणी केला?” मी म्हटलं, दुरुस्त नाही, फक्त सरळ केलाय. त्यांनी मला शिवण दाखवली. वरच्या पट्ट्या मशीनच्या सारख्या टाक्यांनी, मळकट तपकिरी दोऱ्याने शिवलेल्या. मानेजवळच्या ओळी चकचकीत काळ्या दोऱ्याने, हाताने, टाके लहान-मोठे. शिवाय या खालच्या पट्ट्या दुहेरी घातलेल्या, भरगच्च वाटावं म्हणून.

मग त्यांनी चिमट्यात एक वरचा आणि एक खालचा केस धरून सिंकवर जाळून दाखवला. वरचा भुरकन जळला, पीस जळल्यासारखा वास आला, मागे राख उरली ती बोटाने चुरडली गेली. खालचा ज्योतीपासून आखडत मागे सरकला, वितळला, आणि टोकाला कडक काळी गोळी धरली. नखाने फुटेना. काकू म्हणाल्या, हा उष्णता सोसणारा कृत्रिम धागा. साधा धागा स्ट्रेटनरखाली लगेच आकसला असता, म्हणून त्यांनी मुद्दाम हा वापरला. अशा धाग्याला गरम करून जो आकार द्यावा तो पाण्याने जात नाही, पुन्हा गरम करेपर्यंत तसाच राहतो. खऱ्या केसाची लाट पाण्याने परत आणली आणि खोट्याची आणली नाही, ते त्यामुळे.

मानेजवळचेच केस का, हेही त्यांनीच सांगितलं. लेसमधला केस चोरायचा तर एकेक गाठ सोडावी लागते. पट्टीची शिवण उसवली की अख्खी ओळ हातात येते. मानेजवळचे केस वरच्या थरांखाली झाकलेले असतात, घालणाऱ्याला स्वतःला ते कधी दिसत नाहीत. आणि ती पट्टी तशीच्या तशी दुसऱ्या कुणाच्या विगच्या दुरुस्तीत किंवा एक्स्टेन्शनमध्ये जाते. सरळ करणं हे कामही सोयीचं, कारण लाटेचे आणि बिनलाटेचे केस शेजारी दिसले असते तर फरक त्याच दिवशी कळला असता. सगळं इस्त्रीने एकसारखं केलं, वर सिरम फासलं, काम फत्ते.

दुकानात गेल्यावर सूर बदलला. “मिक्स विग होता तुमचा. आधीपासूनच असा असेल, काय सांगता येतं?” बिलावर फक्त ‘स्टायलिंग’ एवढंच लिहिलेलं. माझ्याकडे एक गोष्ट होती ती त्याला अपेक्षित नव्हती: विग घेतला तेव्हा मापाची खात्री करायला विक्रेत्याने कॅपच्या, म्हणजे केस ज्यावर शिवलेले असतात त्या टोपीच्या, आतल्या बाजूचा फोटो मागवला होता. त्यात मानेजवळच्या शिवणी स्पष्ट दिसत होत्या, तपकिरी दोरा, सारखे टाके. तो फोटो दाखवल्यावर त्याने मला पुन्हा त्या पडद्याच्या खोलीत बसायला सांगितलं. मी काउंटरपाशीच उभी राहिले. दुकानात दोघी-तिघी गिऱ्हाइकं होती. कामाचे पैसे त्याने तिथल्या तिथे परत केले. केस मात्र परत आले नाहीत, ‘ते आमच्याकडे नाहीतच’ म्हणाला. लेखी तक्रार मी फोटोंसकट केली आहे, निकाल लागायचा आहे.

या लोकांचा सगळा भरवसा आपल्या संकोचावर असतो. विग घालणारी बाई दुकानात आवाज चढवणार नाही, कारण मग विग घालते हे शेजारच्या गिऱ्हाइकाला कळेल. खासगी खोली हवीच, मलाही हवी. पण विग काढण्यासाठी असलेला आडोसा आणि विग आपल्या नजरेआड नेणं यांत फरक आहे. काकूंकडे आता मी समोर बसते. विग धुऊन, पूर्ण कोरडा करून, कॅनव्हासच्या डोक्यावर टाचण्यांनी बसवून, पातळ बटा घेऊन त्या स्ट्रेटनर फिरवतात. तापमान साधारण १५० ते १८० अंश सेल्सियस, लेसच्या गाठींपासून लांब. ओल्या केसावर कधीच नाही, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो. एका बैठकीत काम होतं. आणि पुढच्या धुण्याला लाट परत येणार, हे त्या आधीच सांगतात.

विग कुणाकडे ठेवूनच यावा लागला तर देण्याआधी आतल्या सगळ्या शिवणींचे जवळून फोटो काढा आणि ते त्यांच्यासमोर काढा. कोरड्या विगचं वजन करून ठेवा, पण नुसत्या वजनावर विसंबू नका, माझ्याकडच्या दुहेरी पट्ट्यांनी ते सहज भरून काढलं असतं. मानेजवळचे चार-पाच केस कापून पाकिटात घालून ठेवा. बिलावर ‘मानवी केसांचा विग, मागच्या पट्ट्यांसह’ असं लिहून घ्या. लिहायला का-कू करणाऱ्याकडे विग देऊ नका.

आणि ज्यांचा विग असा सरळ होऊन नुकताच घरी आला आहे, अजून धुतलेला नाही, त्यांनी एवढं करा. वरची एक बट आणि मानेजवळची एक बट, दोन्ही साध्या पाण्याने भिजवून आपोआप वाळू द्या. विगला मुळात लाट होती तर दोन्हीकडे ती परत यायला हवी. मूळचाच सरळ असेल तर ही खूण चालत नाही, मग दोन्हीकडचा एकेक केस चिमट्यात धरून जाळून बघा. दोन्ही सारखे वागले नाहीत तर विग त्या दुकानात घेऊन जाऊ नका. आधी तो उलटा करून, दिव्याखाली धरून, शिवणींचे फोटो काढा, आणि दुकानात फक्त फोटो न्या.