नवा घडीचा चाकू सदोष निघाला: परत पाठवावा की घरीच नीट करावा?

नवाकोरा घडीचा चाकू हातात आला. उघडला तर पातं डावी-उजवीकडे हलतंय, मिटला तर ते मुठीच्या मधोमध न बसता एका बाजूला झुकतंय, आणि पिकल्या टोमॅटोवर टेकवलं तर साल कापली न जाता नुसतीच दबते. अशा वेळी दोन मोठे रस्ते असतात. बॉक्समध्ये भरून परत पाठवायचा, नाहीतर स्क्रूड्रायव्हर आणि धारेचा दगड घेऊन बसायचं. कंपनीची वॉरंटी आणि कोपऱ्यावरचा धारवाला हे मधले दोन.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चाकू केवढ्याला घेतला यापेक्षा दोष कुठे आहे ते पाहा. उघडं पातं धरून ठेवणाऱ्या लॉकमध्ये असेल तर परत. धारेत असेल तर बहुतेक वेळा घरीच. पातं ज्यावर फिरतं त्या पिव्होटमध्ये असेल, तर तिथे स्क्रू आहे की ठोकलेला रिव्हेट, यावर उत्तर ठरतं.

अडचण एवढीच की हे रस्ते एकदम खुले राहत नाहीत. पातं एकदा दगडावर घासलं किंवा स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा उमटला, की विक्रेता ‘वापरलेला माल’ म्हणून हात वर करायला मोकळा. म्हणून सगळी तपासणी पहिल्याच बैठकीत करा. पातं हलत असेल तर व्हिडिओ काढा, बॉक्स आणि बिल जपून ठेवा, आणि ठरत नाही तोवर त्या चाकूने कांदासुद्धा चिरू नका.

लॉक: इथे हात घालू नये

आजच्या बऱ्याच घडीच्या चाकूंत लायनर लॉक असतं. पातं उघडलं की मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे अडकते. फ्रेम लॉकमध्ये हेच काम मुठीची एक बाजू करते. चाकू उघडून ही पट्टी नीट बघा. बुडाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ती आलेली असावी. जेमतेम कडेला टेकली असेल तर ती निसटू शकते. पार पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली असेल, तर वापराने होणाऱ्या झिजेला जागाच उरलेली नाही, म्हणजे नव्या चाकूचं म्हातारपण आधीच आलं.

मग जाड हातमोजा घाला, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवा आणि उघड्या पात्याची पाठ टेबलावरच्या घडी केलेल्या टॉवेलवर हळूहळू दाबा. लॉक सरकलं तर विषय संपला, चाकू परत. पातं वर-खाली डुगडुगत असेल तरीही परतच, कारण त्या दिशेची हालचाल म्हणजे लॉक आणि पात्याचं बूड एकमेकांत घट्ट बसत नाहीत. पट्टी किंचित वाकवायची, बुडाला कानस मारायची, असले उपाय सांगणारे भेटतात. ते जमणारे कारागीर असतात, नाही असं नाही. पण तिथला उतार अगदी नेमका कापलेला असतो आणि घासून काढलेलं पोलाद परत भरता येत नाही. हा एकच दोष असा आहे की घरचा प्रयोग फसला तर चाकू आपल्याच बोटांवर मिटतो.

अपवाद एकच. लॉक पक्कं बसतं पण सोडवताना चिकटल्यासारखं होतं, तर तो सहसा दोष नसतो. टायटॅनियमच्या फ्रेम लॉकमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. पट्टी जिथे टेकते तिथे पेन्सिलीचं शिसं घासा आणि वापरत राहा. हळूहळू सुटतं.

पिव्होट: स्क्रू की रिव्हेट

पातं फक्त डावी-उजवीकडे हलत असेल आणि पिव्होटला स्क्रू असेल, तर कुरिअरची वाट बघण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी सहा टोकांच्या चांदणीचा टॉर्क्स स्क्रू असतो आणि टी-6 किंवा टी-8 बिट (स्क्रूड्रायव्हरचं टोक) लागतो. नेमक्या मापाचा बिट घ्या, कारण चुकीच्या बिटने स्क्रूचं डोकं खाल्लं गेलं की परतीचा रस्ताही बंद. थोडंसंच फिरवा, उघडमीट करून बघा, पुन्हा थोडं. फार आवळलं तर हालचाल जाते पण पातं जड होतं. स्क्रू सारखा सैल होत असेल तर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक बारीक थेंब पुरतो. लाल वापरू नका, तो उघडायला गरम करावा लागतो. कंपनीच्या अटीत चाकू खोलायला मनाई आहे का, तेवढं आधी वाचा. पिव्होट आवळणं वेगळं आणि सगळा चाकू सुटा करणं वेगळं.

रिव्हेटचा मामला उलटा. स्विस आर्मी चाकू, लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल आणि जुन्या धाटणीचे बरेचसे खिशातले चाकू रिव्हेटवर फिरतात. तिथे आवळायला काहीच नसतं. रिव्हेटचं डोकं हातोडीने ठोकून पसरवता येतं, पण ते जुन्या, वॉरंटी संपलेल्या चाकूवर करायचं काम. नवा असेल तर बदलून घ्या.

मिटल्यावर पातं मधोमध नसणं ही सर्वांत जास्त सतावणारी आणि सर्वांत कमी महत्त्वाची तक्रार. पातं आतल्या पत्र्याला घासत असेल तर तो दोष. घासत नसेल आणि चाकू सात-आठशे रुपयांचा असेल, तर सोडून द्या. बदलून आलेल्याचं पातं दुसऱ्या बाजूला झुकलेलं असण्याची शक्यता तितकीच. दहा-पंधरा हजारांच्या चाकूत मात्र हे खपवून घेऊ नये, कारण तिथे पैसे जुळणीतल्या सफाईचेच मोजलेले असतात. मुठीवरचा बारीक ओरखडा, रंगातला फरक असल्या गोष्टींसाठी परतीची खटपट मी तरी करणार नाही.

धार: परत पाठवून फारसा उपयोग नाही

कारखान्यातली धार पट्ट्याच्या मशीनवर भराभर लावलेली असते. कधी एका बाजूचा उतार रुंद तर दुसऱ्याचा अरुंद, कधी कडेला पोलादाची बारीक कोर राहिलेली, कधी कड जरा तापलेली. त्याच मशीनवरून आलेला बदली चाकूही तसाच असायचा. हजारच्या आसपास ग्रिटचा (दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) दगड, पाणी, आणि सगळीकडे एकच कोन, एवढ्यावर हा दोष जातो. वरचा तापलेला थर निघून गेल्यावर, म्हणजे दोन-तीनदा धार लावल्यावर, तेच पोलाद जास्त टिकतं. पहिल्या धारेवरून पोलादाला नावं ठेवण्याची घाई म्हणूनच नको.

धारवाल्याकडे देणार असाल तर आधी सांगा, ‘दादा, मशीनवर नको, दगडावर हाताने लावा.’ कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. तिथे पिवळट-निळसर झाक आली की पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं, आणि ती कड पुन्हा पुन्हा मऊ पडत राहते. स्वयंपाकघरातल्या जाड सुरीचं यात निभावून जातं, घडीच्या बारीक पात्याचं नाही.

धारेच्या बाबतीतही परत पाठवण्याजोगे दोष आहेत. टोक वाकलेलं, पात्यावर तडा, किंवा मिटताना कड आतल्या पत्र्यावर आपटणं. शेवटचा ओळखायला सोपा. धार लावूनही दर वेळी ठरावीक एकाच जागी बोथट ठिपका येतो. हा दोष जुळणीचा आहे, दगडाने जायचा नाही.

पावसाळ्यात अडकलेला ओपिनेल

हा वेगळा सांगायला हवा, कारण सदोष म्हणून उगाच परत जातो. फ्रान्सच्या साव्वा भागातल्या या चाकूची मूठ बहुधा बीचच्या लाकडाची असते आणि ते लाकूड ओल धरून फुगतं. जुलैत कोकणात किंवा घाटमाथ्यावर नेलात तर पातं खाचेत घट्ट रुतून बसू शकतं. लॉकची कडी उघडी ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटा, पातं थोडं वर येतं आणि चिमटीत धरता येतं. पाऊस ओसरल्यावर, चाकू सुकला की लाकडाला जवसाचं तेल पाजा. कार्बन पोलादाच्या पात्यावर येणारे तांबूस डागही त्याच हवेचे. पुसून तेलाचा हात फिरवत राहायचं, नाहीतर स्टेनलेसचा प्रकार घ्यायचा.

परतावा की वॉरंटी

पहिल्या दिवशी दिसणाऱ्या दोषाला परतावाच बरा. मुदत थोडी असते, पण निकाल लवकर लागतो. वॉरंटी उशिरा उघड होणाऱ्या दोषांसाठी. स्विस आर्मी चाकू बनवणारी व्हिक्टोरिनॉक्स चाकूच्या पोलादातल्या आणि घडणीतल्या दोषांची आजीवन हमी देते, पण नेहमीची झीज आणि दुरुपयोग त्यात धरत नाही. चाकू अस्सल आणि अधिकृत विक्रेत्याचा असला तरच या हमीला अर्थ, म्हणून विक्रेत्याचं नाव खरेदीआधी बघा. भाच्याने न्यू जर्सीहून चेक-इन बॅगेत आणलेल्या अमेरिकन चाकूची गोष्ट वेगळी. त्याची वॉरंटी तिकडे, तुम्ही इकडे, आणि कुरिअरचा खर्च सहज अंगावर येतो. तिथे लॉक सोडून बाकी सगळं घरीच करणं परवडतं.

ऑनलाइन विक्रेता अडून बसला तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष, नकली किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न’ लिहून हे बदलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. हजार रुपयांच्या चाकूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात कोणी जाणार नाही, पण हेल्पलाइनवरची तक्रार फुकट आहे.

बदली चाकू आला की तीच तपासणी पहिल्यापासून करा. त्यातही लॉकचाच दोष निघाला तर तिसरा मागू नका, पैसे मागा आणि वेगळं मॉडेल बघा.