ग्राफ टेकचा टस्क एक्सएल नट: बार वापरणाऱ्या गिटारवाल्यांसाठी

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. कीबोर्डचा सूर हलत नाही, त्यामुळे गाण्याच्या मधोमध माझी एक तार जरी सरकली तरी ती सगळ्यांच्या कानावर येते. माझी गिटार स्ट्रॅट पद्धतीची, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी, सहा स्क्रूंच्या ट्रेमोलो ब्रिजची. तारांचं खालचं टोक या ब्रिजमध्ये असतं, आणि त्याला लावलेल्या दांड्याने, म्हणजे बारने, तो झुलवून सूर खाली-वर करता येतो. बार दाबून सोडला की तिसरी तार हमखास चढलेली असायची. एका दुकानात सांगितलं, खुंट्या बदला. खुंट्या उत्तम होत्या. दोष नटमध्ये, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे तारा जिच्या खाचांमधून जातात त्या पट्टीत होता, आणि ग्राफ टेक या कॅनडातल्या कंपनीचा टस्क एक्सएल नट बसवल्यावर तो गेला.

पैसे घालण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते बघा, कारण हा नट सगळ्या दुखण्यांवरचं औषध नाही. ट्यूनर लावा, बार खाली दाबा, सोडा. सहाही तारा एकत्र चढल्या किंवा उतरल्या, तर ब्रिजकडे बघा: स्क्रूंपाशी प्लेटची धार झिजलेली असते, किंवा स्क्रू इतके आवळलेले असतात की प्लेट मोकळी झुलत नाही. एखाददुसरीच तार बिघडली, तर बहुतेक वेळा नट.

बार दाबला की तारा सैल पडतात आणि खुंटीकडचा ताण तारेचा थोडासा भाग खाचेतून खुंटीकडे ओढतो. बार सोडल्यावर तो भाग परत यायला हवा. खाच अरुंद असेल तर तार तिथेच अडकते आणि सूर चढलेला राहतो. बेंड करताना, म्हणजे बोटाने तार ताणून सूर चढवताना, याच्या उलट घडतं: तार खुंटीकडून पुढे येते, मागे जात नाही, सूर उतरतो. अशा वेळी बारला हलका झटका दिल्यावर सूर जागेवर आला, तर शंकाच उरत नाही. खुंटी फिरवताना नटपाशी ‘टिंग’ असा आवाज येतो, तोही याच अडकण्याचा.

टस्क एक्सएलच्या साहित्यातच टेफ्लॉन मिसळलेलं असतं. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासायचा उपाय मीही करत होतो. तो चालतो, पण टिकत नाही. तारा बदलल्या की पुन्हा घासा. इथे ती कटकट संपली. बार अगदी तारा लोंबेपर्यंत दाबला तरी तिसरी तार जागेवर येते. नऊच्या सेटवर (सर्वांत बारीक तार 0.009 इंचाची) मला हे शंभर टक्के समाधान देणारं वाटलं.

आता त्रास. खाचा आधीच कापलेल्या असल्या तरी उंची तुमच्या गिटारला बेतून येत नाही. तळ सॅंडपेपरवर घासूनच बसवावा लागतो. घासताना घाई नको, जास्त गेलं तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) खरखरते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली की थांबा. मागवण्याआधी जुन्या नटचा तळ सपाट आहे की गोलाई असलेला, तेही पाहा. दोन्ही प्रकार मिळतात. जाड तारा लावणाऱ्यांना खाचा रुंद कराव्या लागतील, आणि त्यासाठी नटची खास कानस हवी. ती नसेल तर हे काम कारागिराकडेच द्या.

नट बदलल्यावर मागचं झाकण काढून क्लॉचे (ब्रिजच्या स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन स्क्रूही जुळवून घ्या. जुन्या पद्धतीच्या ब्रिजसाठी फेंडर ब्रिजच्या मागच्या बाजूखाली सुमारे 3.2 मिलिमीटर फट सांगते. मी तेवढीच ठेवली आहे, बार वर ओढायलाही जागा मिळते. नव्या तारा हाताने नीट ताणून घ्या आणि खुंटीवर दोन-तीनच वेढे ठेवा; जास्त वेढे बार वापरताना सैलावत-आवळत राहतात.

फ्लॉइड रोझ प्रकारचा ट्रेमोलो असणाऱ्यांनी हा घेऊ नये. त्यांच्या तारा नटवरच आवळून बंद केलेल्या असतात, तिथे घसरण्याचा प्रश्नच येत नाही. साध्या ट्रेमोलोवर बार मनापासून वापरणाऱ्यांनी मात्र खुंट्यांवर खर्च करण्याआधी हा बसवावा.