स्टेज 1 एक्झॉस्टच्या नावाखाली 75,500 ला फसवलं, गाडीचा ओरिजिनल कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पण काढून घेतला

पेट्रोल गाडीला नवा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर टाकणारी पाइप आणि सायलेन्सरची लाइन, करायचं डोक्यात असेल तर हे आधी वाचा. माझी स्विफ्ट आहे, 2021 ची, 1.2 पेट्रोल, कंपनीकडून 90 पीएस पॉवर आणि 113 एनएम टॉर्क. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने "फुल एक्झॉस्ट प्लस स्टेज 1" (पॉवर वाढवायचा पहिला टप्पा) करून देतो म्हणून माझ्याकडून 75,500 रुपये घेतले. बदल्यात मिळाला मोकळा डबा, डायनोचा (पॉवर मोजायच्या मशीनचा) खोटा पेपर आणि पीयूसीत नापास होणारी गाडी. गॅरेजचं नाव इथे टाकत नाही, केस चालू आहे.

हिशोब सगळा लिहितो म्हणजे कुणाला असंच कोटेशन मिळालं असेल तर ताडून बघता येईल. फ्रंट पाइप 16,500. "200 सेल स्पोर्ट्स कॅट" (सेल म्हणजे आतल्या जाळीची भोकं) 22,000. मागचा अडीच इंची पाइप आणि मफलर मिळून 18,500. ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं, 15,000. लेबर 3,000. डायनो रन आधीचा आणि नंतरचा मिळून 2,500. झाले 77,500, त्यातून "जुना माल आमच्याकडे ठेवतो" म्हणून 2,000 कमी केले. 75,500 पैकी 25,000 अ‍ॅडव्हान्स यूपीआयने, 30,500 यूपीआयने पण दुसऱ्याच कुणाच्या नावावर, आणि 20,000 कॅश. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लावला तर 18 टक्के वर जातील, तुम्हीच बघा. साध्या वहीच्या कागदावर लिहून दिलं.

आता कुणीतरी म्हणेलच की कागदावर बिल घेतलंच कशाला. अहो सर्व्हिसिंगवाल्यापासून टायरवाल्यापर्यंत अर्धा धंदा असाच चालतो, तुम्ही काय पंक्चरचं पण पक्कं बिल घेता का? आणि मी काही रात्री फटाके फोडत फिरणाऱ्यातला नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हे कायद्यात बसतं का. तो म्हणाला एआरएआय (गाड्या आणि पार्ट तपासून मान्यता देणारी संस्था) अ‍ॅप्रूव्ह्ड आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सर्टिफिकेटचा फोटो पण पाठवला. धूसर होता, वाचता येत नव्हता. नंतर मोठा करून बघितला तर त्यात माझ्या गाडीचं मॉडेलच नव्हतं. सर्टिफिकेट दाखवलं तर त्यावर तुमच्या गाडीचं मॉडेल आणि त्या पार्टचा नंबर आहे का ते तिथल्या तिथे वाचा, नसेल तर उठून या.

सगळ्यात जास्त चीड येते ती डायनोच्या पेपरची. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो, त्याने रंगीत प्रिंट हातात दिली. आधी 90 पीएस, नंतर 104. वर माझ्या गाडीचा नंबर, तारीख, दोन ग्राफ, खाली शिक्का. आणि कोपऱ्यात दोन्ही रनची वेळ छापलेली. आधीचा रन 4:10, नंतरचा रन 4:16. सहा मिनिटं! सहा मिनिटात पूर्ण एक्झॉस्ट काढून नवा बसवून रीमॅप करून झाला? तो कागद माझ्या हातात होता, आकडे माझ्या डोळ्यासमोर होते, आणि माझ्याकडे अजून 50,500 शिल्लक होते, मी आणखी एक रुपया न देता तिथून निघू शकत होतो. पण त्याच वेळी त्याने गाडी चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तो आवाज, तीन चार पोरं भोवती उभी राहून "सर काय बेस आहे" करतायत, अशा वेळी कोपऱ्यातली वेळ कोण वाचतं. ते मुद्दामच करतात, आता कळतं मला. कागद हातात दिला की लगेच आवाज, म्हणजे कागदाकडे बघायला उसंत नको.

पुतण्या मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, त्याने नंतर त्या पेपरचा खोटेपणा पाच मिनिटात उघडा पाडला. पॉवर आणि टॉर्क हे दोन वेगळे आकडे नसतातच, एकावरून दुसरा निघतो. एनएममधला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 7023 केलं की पीएस येतात. माझ्या पेपरवर 6000 आरपीएमला 104 पीएस लिहिलेत आणि त्याच ठिकाणी टॉर्कची रेघ 98 एनएमवर आहे. करा गुणाकार, 84 पण पूर्ण येत नाहीत. म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा ग्राफ उचलून वर आकडे बदललेत. तुमच्याकडे असा पेपर असेल तर आत्ता मोबाईलवर गणित करून बघा.

आणि मुळात 1.2 लिटरच्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनला नुसत्या पाइपने 14 पीएस वाढूच शकत नाहीत. कंपनीचा एक्झॉस्ट त्या इंजिनला काही गळा दाबून बसलेला नसतो, त्याच्या मापाचाच दिलेला असतो. मागचा मफलर बदलून फरक पडला तरी एक दोन टक्क्यांचा. तो आवाजामुळे जास्त वाटतो, मला पण पहिल्या दिवशी गाडी उडतेय असंच वाटलं होतं. उलट पाइप गरजेपेक्षा जाड केला की गॅसचा वेग पडतो, आणि एका सिलेंडरचा बाहेर पडणारा गॅस पुढच्या सिलेंडरचा गॅस ओढून घ्यायला जी मदत करतो ती खालच्या आरपीएमला जाते. लोक याला बॅक प्रेशर पाहिजेच असं म्हणतात, ते खरं नाही, वेग पाहिजे. टर्बो गाडीचं गणित वेगळं आहे, तिथे टर्बोच्या पुढची वाट मोकळी केली आणि सोबत खरं ट्यूनिंग केलं तर पॉवर खरंच वाढते. हा माणूस मला पोलो टीएसआयचे, म्हणजे टर्बो गाडीचे, व्हिडिओ दाखवून स्विफ्टचा एक्झॉस्ट विकत होता!! तुम्हाला दुसऱ्या इंजिनाचा व्हिडिओ दाखवला की समजा माल खपवतायत.

थोड्याच दिवसात खंबाटकी घाटात पाच जण बसलेले असताना तिसऱ्या गिअरवर गाडी मरायला लागली, जिथे आधी आरामात चढायची तिथे दुसरा टाकावा लागला. अ‍ॅव्हरेज 19 चा 13.5 वर आला. मागे बसलेल्यांना पेट्रोलचा वास, हायवेला ठराविक स्पीडला डोकं दुखेल असा घूं घूं आवाज. फोन केला तर म्हणे ईसीयू शिकतोय, 1000 किलोमीटर होऊ द्या. मग चेक इंजिन लाइट आली, मग फोन उचलणं बंद.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा सगळं उघडं पडलं. 22,000 चा तो स्पोर्ट्स कॅट म्हणजे नुसता स्टीलचा डबा, आत जाळीच नाही, बॅटरी टाकली तर आरपार दिसतं. मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर लावून बाहेर ओढून ठेवलेला, म्हणजे कॅट नाही हे ईसीयूला कळू नये. तो स्पेसर ढिला झाला म्हणून लाइट आली, कोड पी0420 (कॅट नीट काम करत नाही), नाहीतर मला अजून कळलं नसतं. पुढच्या सेन्सरच्या अलीकडे फ्लँजचं (पाइपच्या जोडाचं) वेल्डिंग चिरलेलं, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू आणखी पेट्रोल मारतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय, अधिक 18 टक्के दाखवत होता. अ‍ॅव्हरेज गेला तो तिथे. आणि रीमॅप? मित्राची सेम मॉडेलची, सेम वर्षाची गाडी आहे, दोन्हीच्या ईसीयूचा कॅलिब्रेशन व्हेरिफिकेशन नंबर (आतल्या सेटिंगची ओळख) काढला तर जसाच्या तसा. रीमॅप केला असता तर हा नंबर बदलला असता. 15,000 रुपये घेऊन हातच लावलेला नाही.

आणि माझा ओरिजिनल कॅट, तो "जुना माल". त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाले त्यासाठी टपलेले असतात. 2,000 सोडून त्याने तो ठेवून घेतला आणि मला वाटलं डिस्काउंट मिळाला. सर्व्हिस सेंटरचं नवीन कॅटचं कोटेशन 38,400 आलंय. काढलेला प्रत्येक पार्ट, नट बोल्टसकट, डिकीत टाकून घरी आणा. परत कधी मूळ स्थितीत आणायची झाली तर तोच कामाला येतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे, कन्झ्युमर कोर्टात जा. खोटा कागद करून पैसे उकळले, माझ्या गाडीचा पार्ट परत दिला नाही, यात सिव्हिल काय आहे? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं 318 कलम कशासाठी आहे मग? तर साहेब मलाच म्हणतात गाडीत बदल तुम्ही केलाय, आधी तुमच्यावरच कारवाई होईल. कायद्यात ते आहे, मोटार वाहन कायदा कलम 182ए, मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे ज्याला लुटलं त्याला धाक आणि ज्याने लुटलं तो शटर उघडून बसलाय. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा सायबरचा विषय नाही. आरटीओत गेलो तर गॅरेजचं आमच्याकडे येत नाही, तुमची गाडी मात्र आणू नका, पीयूसी नाही तिची. बीएस6 पेट्रोलला आयडलला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत लागतो, कॅट नसताना कुठून बसणार आत. बुलेटच्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवून व्हिडिओ काढायला यांच्याकडे वेळ आहे, तोच माल भर रस्त्यावर बोर्ड लावून विकणाऱ्या दुकानात जाऊन एक पावती फाडायला वेळ नाही. रोलरखाली जातो तो पण कुणाच्यातरी पैशाचाच असतो, विकणाऱ्याचं काय गेलं? 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, समोरच्याने उत्तर दिलं नाही म्हणून ती बंद केली. उत्तर दिलं नाही म्हणून बंद!

इन्शुरन्सला पण कळवावं लागतं हा बदल, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन केस टाकली आहे, 5 लाखांच्या आतली रक्कम असेल तर फी लागत नाही आणि वकील पण सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. जोडायला यूपीआयच्या 55,500 च्या नोंदी आहेत, वहीचा कागद, लिफ्टवरचे फोटो, स्कॅनरचा रिपोर्ट. कॅशचे 20,000 मात्र सिद्ध करणं अवघड जातंय, म्हणून कॅश देऊच नका, कितीही कमी करतो म्हणाला तरी. पुणे, पिंपरी चिंचवडमध्ये कुणाला 90 चे 104 दाखवणारा, सहा मिनिटांच्या फरकाचा असाच पेपर मिळाला असेल तर त्याचा फोटो मला पाठवा, तोच ग्राफ दुसऱ्या गाडीच्या नंबरने निघाला तर पुढच्या तारखेला आयोगासमोर ठेवतो.